मोसंबीचं पहिलं पाणी

नाना, परसातल्या मोसंबीची पानं आता पार वळली आहेत. तुमच्या बिडीच्या पानासारखी लांबट गुंडाळी करून लटकतात आणि वारा आला की खडखडतात. मी मागच्या खिडकीशी मशीन लावून बसले आहे, पुढ्यात लग्नाच्या ब्लाऊजांचा ढीग आहे, आणि मान वर केली की ते झाडच दिसतं. परतूरची थंडी गेली. पहाटे शाल लागते आणि ऊन वर आलं की ती नकोशी होते, असे हे दिवस. समोरच्या निंबानं सगळी पानं टाकून दिली, आता त्याला तांबूस पालवी फुटते आहे. शेजारच्या काकूंनी गच्चीवर शेवया वाळत घातल्यात. सगळीकडे काही ना काही नवं चाललंय आणि माझं झाड तेवढं तहानेलं उभं आहे. आणि अशात तुम्ही येता. आज सकाळी मागचं दार उघडलं तर परसात बिडीचा वास होता. आमच्या घरात कोणी बिडी ओढत नाही, ह्यांना तर उदबत्तीच्या धुरानंही ठसका लागतो. मी भिंतीपलीकडे डोकावून पाहिलं, गल्लीत कोणी नव्हतं. घाबरले नाही असं म्हणणार नाही. बापाची भीती वाटावी हे बरं नाही, पण वाटली.

झाडाला उपाशी ठेवण्याची ही विद्या तुमचीच. मी परकर-पोलक्यात होते तेव्हाची गोष्ट. कुंभार पिंपळगावच्या आपल्या बागेत विहिरीला पाणी असताना तुम्ही झाडांचं पाणी बंद केलंत म्हणून मी रडले होते. मार्गशीर्ष लागला की दरवर्षी तुम्ही ते बंद करायचात, मला कळायला लागलं ते त्या वर्षी. पानं पिवळी पडली, गळायला लागली. मी लपवून तांब्याभर पाणी एका झाडाच्या बुंध्याशी ओतून आले आणि तुम्ही ओल्या मातीवरून लगेच ओळखलंत. मारलं नाहीत. उकिडवे बसलात, बिडी कानावर अडकवलीत आणि म्हणालात, "बाई, झाडाला सारखं पाणी पाजलं तं ते नुसतं पाल्यात माततं. फळाचं नाव घेत न्हाई. त्याला जरा तहानू द्यावं लागतं. मंग पाणी सोडलं का बघ कसं फुलून येतं." मी विचारलं, तहानून मेलं तर? तुम्ही हसलात. "मरायच्या आत सोडायचं. ते वळखता आलं पाहिजे. त्यालाच तर बागवान म्हणतात."

आणि हे पाणी सोडायचं ते लेकीच्या हातानं, हा आपल्या घरचा रिवाज. तुमच्या बहिणींनी सोडलेलं, मग मला हात फुटल्यापासून मी. माघात एका सकाळी माय फावड्याला हळदकुंकू लावायची, विहिरीवर नारळ फुटायचा, मोटरीचं बटण दाबलं की पाइपातून आधी खाकरल्यासारखा आवाज यायचा आणि मग पाणी. दांडाची, म्हणजे पाण्याच्या पाटाची, माती मी फावड्यानं फोडायची. पाणी वाळला पाला पुढे ढकलत, सळसळत, आळ्यात शिरायचं आणि तापलेल्या मातीचा वास उठायचा. तुम्ही मागे उभे राहून नुसते म्हणायचात, "सोड." एवढंच. मग काही दिवसांनी फांदीफांदीला पांढरी फुलं यायची आणि सगळ्या घराला तो वास लागायचा. धुतलेल्या कपड्यांना, उशीला, मायच्या भाकरीच्या पिठालासुद्धा. शाळेत पोरी म्हणायच्या, ही आली की मोसंबी येती. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. आता तो वास कुणी बाटलीत भरून दिला तर मी तो पुरवून पुरवून वापरीन.

लग्नात तुम्ही आंदण म्हणून हे मशीन दिलंत. मला पुढे शिकायचं होतं, मशीन नको होतं, हे तुम्हाला माहीत होतं. मी मांडवात तोंड फुगवून बसले तर तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "कोनाच्या तोंडाकडं पाहायचं काम न्हाई पडणार तुला." खरं आहे ते. मुलीचं शिक्षण ह्या मशीनवर झालं. पण तेव्हा राग होता आणि सासर नवं होतं. सासूबाईंचा कायदा कडक, न्यायला माहेरचा मुराळी आल्याशिवाय सून पाठवायची नाही. मला भाऊ नाही, म्हणजे मुराळी तुम्हीच. पहिल्या दिवाळीला तुम्ही आलात, पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर टॉवेल, पिशवीत हिरवी मोसंबी. कापसाच्या वेचणीपायी यायला उशीर केलात म्हणून मी सगळ्या वाटभर धुसफुसले. चार दिवस राहून निघताना फाट्यावर एसटीची वाट बघत मी म्हटलं, नाना, माघात पाणी सोडायला मला न्यायला या, नाहीतर ते पाठवायचे नाहीत. तुम्ही म्हणालात, "बरं." तुमच्या बऱ्याचा अर्थ हो असतो की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

संक्रांत झाली. पौष संपला. मी परतूरच्या ह्याच घरात ह्याच मशीनवर लोकांचे परकर शिवत बसलेली. गाडीची शिटी वाजली की वाटायचं, नाना रेल्वेनं कशाला येतील, आणि तरी पाय थांबायचा. दुपारी एसटीच्या वेळेला मी काही ना काही निमित्तानं ओट्यावर जायचे, कधी तांदूळ निवडायला तर कधी केस वाळवायला. सासूबाई म्हणायच्या, "तुह्या बापाला सवड न्हाई वाटतं औंदा." मनात हिशोब चाललेला, आता पानं पिवळी झाली असतील, आता गळाली असतील, आता सोडलं असेल दुसऱ्या कुणाच्या हातानं. ते दुसरं कुणीतरी कोण, चुलत्याची मुलगी की गड्याची बायको, ह्यावर मी इतकी जळले की दोन ब्लाऊजांच्या बाह्या उलट्या लागल्या. तुम्ही मला विसरलात असंच मी धरून चालले. विसरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

शिवरात्र होऊन गेल्यावर ह्यांनाच दया आली. आईला काहीतरी थाप मारून ते मला घेऊन एसटीत बसले. रस्त्यानं पळस पेटलेले होते, ज्वारी काढून रानं मोकळी झालेली. फाटा आला आणि मी खिडकीतून बघते तर तुम्ही उभे. खांद्यावर टॉवेल, हातात फावडं. शेतातून फाटा काही जवळ नाही, आणि फाट्यावर फावड्याचं काय काम? पण ते मला तेव्हा सुचलंही नाही. मी पिशवी घेऊन उतरले. तुमची दाढी वाढलेली. ह्यांना तुम्ही रामराम घातलात, माझ्याकडे बघितलं न बघितलं केलंत आणि म्हणालात, "आलीस का बाई. चल, पाणी सोडू." घरी नाही, चहापाणी नाही, थेट बागेत.

बाग मला ओळखू आली नाही, नाना. विहिरीजवळची झाडं कशीबशी तग धरून होती. पण मुरमाड अंगाची, ओढ्याकडची झाडं पार उघडी पडलेली, नुसत्या काड्या. बुंध्याला लावलेला निळसर चुना तेवढा दिसत होता. मी एक डहाळी हातात घेतली तर ती कटकन मोडली, आत हिरवं काही नव्हतं. मी म्हटलं, नाना, हे काय, अजून पाणी सोडलं नाही? तुम्ही दुसरीकडे बघत म्हणालात, "मोटर जळाल्ती. वायंडिंगला घनसावंगीला टाकल्ती. त्या मिस्तरीनं आज देतो, उद्या देतो करून लई दिवस लावले. कालच आणून बसवली." इतकं बराबर सांगितलंत, की मिस्तरीचा मला राग आला. सालगडी मामा शेजारी उभे होते, ते खाली बघून तंबाखू मळत राहिले. मी कुंकू न लावलेल्या फावड्यानं दांड फोडला. तुम्ही मागून म्हणालात, "सोड." पाणी गेलं, पाला ढकलत गेलं, ओढ्याकडच्या झाडांच्या आळ्यातही भरलं. मेलेल्या झाडाच्या बुडाशी पाणी भरलेलं दिसतं कसं, हे मी त्या दिवशी पाहिलं. ते तसंच साचून राहतं.

होळीपर्यंत मी राहिले. विहिरीजवळच्या झाडांना कळी आली, थोडा वासही आला. ओढ्याकडची झाडं तुम्ही गड्याला घेऊन मुळापासून काढलीत आणि त्या वर्षीच्या पुरणपोळ्या मोसंबीच्या लाकडावर झाल्या. चुलीतून गोडसर धूर येत होता. मी डाळीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेले तर माय तुमच्यावर चिडलेली ऐकू आली, "हाताची झाडं मारली तुमी तुमच्या हट्टापायी." मला बघून ती लाटणं जोरात फिरवायला लागली. तुम्ही ताटावरून उठलात, हात धुतलेत. मी विचारलं, कसला हट्ट? माय म्हणाली, "काय न्हाई. मोटर जल्दी आणा म्हणलं व्हतं मी." तुमच्या दोघांचं एकमेकांना झाकून घेणं फार जुनं होतं. मी निघताना तुम्ही ओल्या पोत्यात गुंडाळून मोसंबीचं एक कलम दिलंत. "आंगनात लाव. तहान लागली का सांगत असतं ते, लक्ष ठेव." हे झाड ते आहे.

त्यानंतर दरवर्षी तुम्ही वेळेवर पाणी सोडलंत. मी आले तर माझ्या हातानं, नाही आले तर मायच्या. रिवाज मोडलात म्हणून भावकी बोलली, तुम्ही ऐकून घेतलंत. एकदा, माझी मुलगी रांगत होती तेव्हा, मी हसत हसत विचारलं होतं, नाना, त्या वर्षी मोटर खरंच जळाली होती का हो? तुम्ही नातीच्या मुठीतून माती काढत होतात. "जळाल्ती म्हणलं ना. बिलकुल काळी पडली व्हती." आणि विषय संपला.

तुम्ही गेलात तेही झाडं तहानेली असतानाच. पौषात, काही आजार नाही, दुखणं नाही, बांधावर बसल्या बसल्या. दहावा झाल्यावर सालगडी मामा माझ्याजवळ आले आणि तंबाखू थुंकून म्हणाले, "बाई, आता सांगतो. मोटरीला काय धाड भरली व्हती? चांगली व्हती मोटर. रोज दुपारी एसटीच्या टायमाला नाना फावडं घेऊन फाट्यावर जायचे. मी म्हणायचो, मालक, झाडं चालली. म्हणायचे, आज येती ती." मला ते पटलं नाही. मामांना गोष्ट रंगवून सांगायची खोड होती, हे सगळ्या गावाला माहीत. मायला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून म्हणाली की तुम्ही मला दिवाळीला न्यायला आलात तेव्हा सासूबाई ओट्यावर तुम्हाला म्हणाल्या होत्या, "सारखं न्यायला येता, लेक घरी बसवायची असंन तं एकदाची घेऊनच जा." मी आत पिशवी भरत होते, मला काही ऐकू आलं नाही. तुम्ही मला ते कधी सांगितलं नाहीत. पुन्हा त्या ओट्यावर चढायचं नाही, एवढं मनाशी ठरवून बसलात. "मंग मोटर?" मी विचारलं. माय म्हणाली, "मोटर जळाली व्हती बाई." आणि तीही पुढच्या काही वर्षांत तेच धरून गेली.

तेव्हापासून मला तुम्ही त्या फाट्यावर दिसता. झाडं विसरलात म्हणा, मला विसरलात म्हणा, काहीही चालेल, पण तुम्ही रोज माझ्यासाठी तिथं उभे होतात आणि रोज रिकामी एसटी बघून मागं फिरलात, हे मला सहन होत नाही. म्हणून मोटर जळाली होती असंच मी स्वतःला सांगत आले. बाग आता नाही, तुमच्या पुतण्यानं तिथं ऊस लावला. तुम्हाला जाऊन वर्ष झालं होतं, मी मुलीला घेऊन मायला भेटायला चालले होते. फाट्याजवळ एसटी हळू झाली आणि मुलगी खिडकीतून म्हणाली, "मम्मी, नाना फावडं घेऊन उभे आहेत." मी दचकून पाहिलं. निंबाचं झाड होतं, कोवळ्या पालवीचं, खाली कोणी नव्हतं. मी तिला उगाच ओरडले. ती म्हणाली, "ते हात का करत नाहीत?" तिला आता ते आठवत नाही. मला आठवतं, आणि पळस फुलला की ते जवळ येतं. आधी फाट्यावर, मग गल्लीच्या तोंडाशी, आता परसात. काल दुपारी मशीन थांबवलं तर मागे फावडं घासल्याचा आवाज येत होता. उठून गेले. झाडाची वाळली पानं फरशीवर सरकत होती.

ह्या झाडाला पहिलं पाणी माझी मुलगी सोडते, लहानपणापासून. नळाला पाइप लावायचा आणि मी मागून म्हणायचं, सोड. ती आता पुण्याला नोकरीला असते. दिवाळीला जाताना म्हणाली, संक्रांतीला येते. मग कंपनीचं काम निघालं. मग मैत्रिणीचं लग्न. मी आग्रह केला नाही. बोलावून आलेली लेक आणि आपण होऊन आलेली लेक ह्यात फरक असतो, असलं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. परवा तिचा फोन आला. तिनंच विचारलं, "मम्मी, झाडाला पाणी सोडलंस का?" मी कात्री खाली ठेवली. तू ये, एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना. आणि मी म्हटलं, "कुठलं बाई, नळालाच पाणी नाही. मेन लाइन फुटली आहे, त्या पुलाजवळची. नगरपालिकेवाले आज करतो, उद्या करतो करून राह्यले." ती म्हणाली, अरे देवा, टँकर तरी मागव. मी म्हटलं, बघू. फोन ठेवला आणि कापडाखाली सारला, नाना. कारण तो आवाज माझा नव्हता. तोंडातून मिस्तरी निघायचा तेवढा राहिला होता.

सालगडी मामा खोटं बोलले नव्हते. इतकी वर्षं मी हा प्रश्न उराशी धरला, आता उत्तर मिळालं आणि त्यानं काही हलकं झालं नाही. तुम्ही वाट बघत होतात. झाडं मरताना बघत होतात, ओळखत होतात, त्याला तर तुम्ही बागवान म्हणायचात, आणि तरी आणखी एक एसटी येऊ द्यावी म्हणत होतात. मला आता वाटतं, तुम्ही परसात मला भेवडवायला येत नाही. तुम्हाला काहीतरी सांगायचं असतं आणि हयातीत जमलं नाही तसं ते आताही जमत नाही. माझंही तसंच आहे. हे लिहून झालं की कागद मशीनच्या खणात जाईल, रिळांखाली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मला अर्ध्यावर आठवलं, तरी लिहीत राहिले.

स्टँडकडून रिक्षा आली की अजून माझा पाय मशीनवर थांबतो. आत्ताही एक गेली, पुढच्या गल्लीत वळली. झाडाच्या शेंड्याच्या काड्या आजपासून तपकिरी दिसताहेत. फोन इथंच कापडाखाली पडला आहे. नळाला पाणी आहे, नाना. आज सकाळीही आलं होतं. मी घरातलं सगळं भरून घेतलं, फरशीसुद्धा धुतली, आणि आळ्यात एक थेंब पडू दिला नाही.